स्वच्छ शेडमधली सवत

म्हातारपणी नवऱ्याने घरात सवत आणली, तीही चार पायांची. शेजारणींना मी असंच सांगायचे आणि त्या पोट धरून हसायच्या.

हे मेंढ्यांच्या संशोधन केंद्रात राखणदार होते. तिथे दोन शेड. एकातल्या कोकरांना मुद्दाम जंतांच्या अळ्या पाजायच्या आणि त्यांचं आतडं जंतांशी कसं झगडतं ते बघायचं. दुसऱ्यातल्या कोकरांना जन्मापासून जंताचं वारंही लागू द्यायचं नाही. वाळलेला चारा, धुतलेली फरशी, आणि आत जाताना बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे. हे स्वच्छ शेड यांच्याकडे होतं. माझ्या चिखलाच्या पायांवरून यांनी जन्मभर मला बोलून घेतलं, ते त्या शेडपायी.

तिथल्या एका कोकराला आई जवळ घेईना, म्हणून यांनी बाटलीने दूध पाजून ते वाढवलं. तीच माझी सवत. प्रयोग संपला, हे निवृत्त झाले, तेव्हा केंद्राने ती यांनाच देऊन टाकली.

पोचवायला डॉक्टरबाई आल्या होत्या. म्हणाल्या, "काका, हिला एकदम कुरणात सोडू नका हं. आधी मला कळवा. मी येऊन बघेन, औषध ठरवून देईन, मग हळूहळू चरू दे."

हे मिशीला पीळ भरत म्हणाले, "औषध आमच्या हिच्या घाणेरड्या मेंढ्यांना द्या. माझ्या लेकीच्या पोटात एक जंत निघाला तर मिशी उतरवीन!"

आम्ही तिघंही हसलो. घाणेरड्या मेंढ्या म्हणजे माझ्या. केस गुंतलेल्या, पायाला चिखल, मिळेल ते ओरबाडणाऱ्या.

दुसऱ्याच दिवशी यांनी तिला कुरणात सोडली. बाई, काय नाचली ती! हिरवं गवत तिने कधी पाहिलंच नव्हतं. हे कुंपणाला टेकून बघत उभे होते. इतके खुश मी त्यांना स्वतःच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पुढे पावसाळी दिवसांत ती मागे पडायला लागली. चार पावलं चालायची आणि बसायची. मला वाटलं, नखरे. मग तिच्या जबड्याखाली पाण्याची सूज आली. मी पापणी उलटून पाहिली, तर आत लाली म्हणून नाही, पांढरीफटक.

"अहो, हे जंतांचं लक्षण आहे. बाईंना फोन करा."

"काहीतरीच बोलू नकोस! तिला जंत? तिला शेडची आठवण येतेय." आणि हे कोंडा भिजवून तिला हाताने भरवत बसले. ती यांच्या हाताचा वास घ्यायची आणि तोंड फिरवायची.

शेवटी ती उठेना, तेव्हा यांनीच फोन केला. डॉक्टरबाई धावत आल्या, औषध पाजलं, पण अंगात रक्तच उरलं नव्हतं. यांच्या मांडीवर डोकं ठेवून गेली.

बाईंनी तिचं पोट उघडून पाहिलं. जंतांनी भरलेलं होतं. माझ्या मेंढ्या त्याच गवतावर चरून धडधाकट उभ्या होत्या.

"असं कसं?" हे विचारत होते. "यांना काही नाही, आणि हिलाच कसं?"

"काका, यांच्या पोटात लहानपणापासून थोडे थोडे जंत जात राहिले," बाई हळूच म्हणाल्या. "त्यांचं आतडं जंतांना ओळखायला शिकलं, बाहेर ढकलायला शिकलं. हिच्या आतड्याला जंत कधी भेटलेच नव्हते."

"म्हणजे मी तिला काही शिकूच दिलं नाही."

मी तोंडाची एवढी फटकळ, पण तिला कुंपणापलीकडे पुरलं, तेव्हा हुंदका माझाच फुटला. सवतच होती, पण माझ्या घरची होती.

संध्याकाळी हे आत न्हाणीत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी ताटं वाढून हाक मारली. ते आले आणि ताटासमोर बसले. क्षणभर मला कुणी परकाच माणूस घरात शिरल्यासारखं वाटलं.

मिशी नव्हती.

"अहो, ते थट्टेत बोलला होतात," मी म्हणाले.

"बोललो तर होतो."

लग्न झाल्यापासून मी त्यांचा वरचा ओठ पाहिला नव्हता. तो लहान मुलाच्या ओठासारखा थरथरत होता, आणि तो झाकायला आता त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. मी ताट बाजूला सारलं आणि त्यांचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं.