कॉईलचा पाट

“काकू, वास येतोय का बघा हां,” सिलिंडरजवळ उकिडवा बसलेला रघू म्हणाला. गॅस जोडायला आलेला हा फिटर आमच्याच आळीतला.

“आला की,” उमा म्हणाली. “कुजक्या कांद्यासारखा.”

“ओ काकू, अजून उघडलाय कुठं मी!”

रघू हसला, उमाही हसली. माझ्या बायकोचं ते हसू मला खोटं वाटलं.

गॅसचा नंबर लागायला सात वर्षं गेली. मी पोफळीच्या पॉवर हाउसमध्ये स्टोअर्स क्लार्क होतो, तेव्हापासून उमा विजेच्या कॉईलच्या शेगडीवर रांधत आली. भांड्याला पळी टेकली की झटका बसायचा, म्हणून ती शेगडीपुढे लाकडी पाट ठेवून त्यावर उभी राहायची. रिटायर होऊन रत्नागिरीत आलो, तरी कॉईल आणि पाट सुटले नाहीत. गेल्या मार्गशीर्षात तिचा ओला पाय पाटावरून खाली आला आणि झटक्यानं ती भिंतीवर आदळली. तेव्हापासून शेगडीचं बटण ती बोटाला पदर गुंडाळून दाबते. “गॅस आला की सुटले,” एवढंच म्हणायची.

पौषात तिला मोठा ताप आला. पुढे चैत्रात आढीतला एक आंबा सडला. एरवी अंगणातून ओरडली असती, “डागलाय हो एक!” या वेळी वास ओटीवर माझ्या खुर्चीपर्यंत आला आणि ती आढीशेजारी बसून तांदूळ निवडत होती. मी आंबा गुपचूप टाकून आलो. काही बोलायची वेळ आली की मी पुस्तक उघडतो. जन्माची खोड.

“आता खरंच उघडतो,” रघू म्हणाला. “गॅस सुटला तर रांधणारीला आधी कळायला पायजे. नाय कळलं तर मी जोडून देत नाय.”

बारीक फुसफुस झाली. उमाने शेगडीकडे पाहिलं नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. काय शोधतेय ते मला कळलं. चेहरा दगडासारखा ठेवायचा मी प्रयत्न केला, पण नाक आपोआप आक्रसलं.

“आला,” ती लगेच म्हणाली.

“बरं झालं.” रघूने गॅस बंद करून जोडणीचं कार्ड माझ्यापुढे धरलं. “अण्णा, करा सही.”

पेन कागदावर टेकवलं. हात पुढे जाईना.

“रघू, तिला वास येत नाही.”

“अहो!”

“पौषापासून. आत्ता माझं तोंड बघून सांगितलं तिनं.”

रघूने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. “मग नाय जमायचं, अण्णा. कॉईलच बरी.” त्याचा हात रेग्युलेटरकडे गेला.

“ती नको रे बाबा!” उमाचा आवाज फाटला. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, “एरवी गप्पच असता की. आजच तोंड उघडायचं होतं?”

मी नजर वळवली. कोपऱ्यात पाट होता. मधोमध तिच्या पावलांनी झिजलेला.

“मी बसेन इथं,” मी म्हणालो. “गॅस पेटलेला असेल तेवढा वेळ. बाकी वेळ सिलिंडर बंद.”

“रोज?” रघू म्हणाला. “दोन्ही वेळा?”

“चहालाही.”

त्याने डोकं खाजवलं. “मग सही तुमच्या नाकाची घ्यायला पायजे,” म्हणाला आणि कार्ड पुन्हा पुढे केलं.

तो गेल्यावर उमाने आमटीची डाळ खसाखसा धुतली. मग पाट उचलला, ओल्या फडक्याने पुसला आणि दाराशी आदळल्यासारखा ठेवला. मी पुस्तक घेऊन त्यावर बसलो. काडी ओढल्याचा आवाज झाला. निळी ज्योत पेटली, तिच्याकडे ती जरा वेळ पाहत राहिली. मग फोडणी तडतडली.

“कशी आलीय?” तिने पाठमोरी राहूनच विचारलं.

“चांगली.”

“चांगली म्हणजे काय? एवढी पुस्तकं वाचता.”

मी पुस्तक मिटलं. पळी हवेत धरून ती थांबली होती.

“मोहरी,” मी म्हणालो. “जळली नाही. आता… थांब हं… हिंग.”