खिडकीतल्या दोन बरण्या

सीझन उघडायच्या दिवशी ताईच्या वाटेला जाऊ नये, हे धक्क्यावरच्या मांजरालाही ठाऊक होतं. नदीकाठच्या ताईच्या घरच्या शेडमध्ये हौशी लोकांच्या मोटरबोटी बंद हंगामभर ताडपत्रीखाली झोपून असायच्या. त्या जाग्या करायच्या म्हणजे ताईच्या नियमाने करायच्या. प्रत्येक बोटीच्या टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल उपसायचं, काचेच्या बरणीत भरायचं आणि बरणी ऑफिसच्या खिडकीत ठेवायची. बरणी पुरती निवळल्याशिवाय चावी मिळणार नाही. मालक चिडो, हात जोडो, नाहीतर साहेबांची ओळख सांगो, ताई मान वर करून बघायचीसुद्धा नाही.

नियमाला कारण होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलेलं असतं आणि ते ओलावा ओढून घेतं. बोट महिनोन्‌महिने पडून राहिली, टाकीत कुठून तरी पाणी शिरलं, की ते आणि अल्कोहोल मिळून तळाशी जाऊन बसतं, आणि इंजिन ओढतं तेही तळातूनच. गंमत अशी की अशी बोट धक्क्यावर झकास सुरू होते. नळीत उरलेल्या चांगल्या पेट्रोलवर ती निघते, थोडी मिरवते आणि नदीच्या मध्यावर गेली की मान टाकते. खाली बंधारा असलेल्या नदीत ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती.

त्या सकाळी खिडकीत दोनच बरण्या होत्या. एक घरच्या लाल बोटीची, दुसरी दंतवैद्यांच्या निळ्या बोटीची. बरण्या सारख्याच. काचेला पेट्रोल लागलं की चिकटपट्टी सुटते, म्हणून बोटीच्या रंगाची पट्टी झाकणावर लावायची पद्धत होती. ताईने दोन्ही झाकणं काढली आणि वास घेऊन पाहिला. शिळ्या पेट्रोलला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. तसा वास कुठेच नव्हता, पण नुकतंच उपसलेलं पेट्रोल दोन्हीकडे सारखंच फेसाळ आणि गढूळ दिसत होतं. एवढ्यात फोन खणखणला. दंतवैद्य होते. बोट तयार का, पाहुणे निघालेत, असा त्यांचा धोशा. "तुमच्याकडे आलं की आम्ही तोंड उघडून गप बसतो ना? तसं तुम्ही इथे गप बसायचं," ताईने सुनावलं, खांद्याने फोन धरून झाकणं लावली आणि ती ग्रीसचा डबा घेऊन शेडमध्ये गेली.

लाल बोटीची तिला खात्री नव्हतीच. ती बोट बंद करून ठेवायचं काम भिंगरीने केलं होतं. भिंगरी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून लहानपणापासून हेच नाव. हंगाम संपता संपता बाबा जिन्यावरून पडले, मांडीचं हाड मोडलं, ताई हॉस्पिटलमध्ये अडकली आणि लाल बोट भिंगरीच्या तावडीत सापडली. त्याने टाकी गळ्यापर्यंत भरली का, पेट्रोल टिकवायचं औषध घातलं का, ते आतवर पोचेपर्यंत इंजिन चालवलं का, देव जाणे. आदल्याच दिवशी ती बाबांना म्हणाली होती, "शेडच्या चाव्या याच्या हाती देऊ नका. एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल हा." बाबा नुसते हसले होते. "उद्या त्याच्या बोटीत बसतो आणि बघतो," म्हणाले होते.

ताई हात पुसत ऑफिसमध्ये परतली तेव्हा खिळ्यावर लाल बोटीची चावी नव्हती. बाबांची खुर्ची रिकामी होती, आणि भिंगरीचा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. तिने खिडकीकडे पाहिलं.

लाल झाकणाच्या बरणीत आडवी रेघ उमटली होती. वर पिवळसर पेट्रोल, खाली पाण्याचा जाड थर.

निळ्या झाकणाची बरणी तिने उचलून उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. स्वच्छ. अर्थातच स्वच्छ, ती टाकी तिने स्वतः भरली होती. बाहेर नदीत लाल बोट आरामात पलीकडच्या काठाकडे चालली होती. वरच्या अंगाला पाऊस झालेला, त्यामुळे ओढ जबर होती, आणि बंधाऱ्याचा आवाज ऑफिसपर्यंत येत होता.

"भिंगरीऽऽ!" ती धक्क्यावरून बेंबीच्या देठापासून ओरडली. बाबांना वाटलं ती टाटा करतेय. त्यांनी हात हलवला. त्यांच्या मांडीला पट्ट्यांचा लोखंडी सांगाडा होता. लाइफ जॅकेट असलं तरी एवढं लोढणं घेऊन माणूस बंधाऱ्याखालच्या भोवऱ्यात किती तरंगणार?

विचार करायला वेळ नव्हता. तिने निळ्या बोटीची चावी ओढली, जॅकेट अंगात अडकवलं आणि दोर सोडला. इंजिन पहिल्याच फिरकीला सुरू झालं. "शाब्बास," ती त्याला म्हणाली. भावासाठी मात्र तिच्याकडे शिव्यांची रास तयार होती. अर्धा तास धीर धरवला नाही मेल्याला. बाबांना काही झालं तर याचं तोंड पाहणार नाही. आणि त्याच दमात तिला रडू येत होतं, कारण त्याला काही झालं तर काय, हेही डोक्यातून जात नव्हतं.

मध्यावर पोचताच तिने लिव्हर पुढे ढकललं. बोट उसळली, लाल बोटीच्या जवळ जाऊ लागली. भिंगरीने मागे वळून पाहिलं. ती हातवारे करून सांगू लागली, काठाला लाव, काठाला लाव!

तेवढ्यात इंजिन खोकलं.

तिने लिव्हर मागे घेतलं. इंजिनाने एक आचका दिला, दुसरा दिला आणि ते बंद पडलं. एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत बंधारा मोठ्याने ऐकू आला. ताईने चावी फिरवली. घरघर, घरघर, काही नाही. पुन्हा फिरवली. बोट हळूहळू आडवी झाली आणि खाली सरकू लागली.

नांगर! ती पुढे धावली. नांगराच्या जागी नुसतं रिकामं कडं होतं. नांगर शेडमध्ये होता, रंग वाळायला टांगलेला. तिनेच टांगला होता. वल्हं होतं, एकच. ती गुडघ्यावर बसून वल्हवू लागली, आणि बोट जागच्या जागी गोल फिरली.

तेव्हा तिला झाकणं आठवली. फोन खांद्यावर, दोन्ही बरण्या उघड्या, तिचं लक्ष दंतवैद्यांना टोमणा मारण्यात, आणि हाताला येईल ते झाकण लावून टाकलेलं. रेघ लाल बोटीची नव्हतीच. जिची खात्री होती तिच्यातच ती बसली होती. बंधाऱ्याची कड आता दिसत होती, पाणी तिथे गुळगुळीत होऊन वाकत होतं आणि पलीकडे नुसते तुषार होते.

"ताई! वल्हं टाक! पुढे ये, पुढे!"

लाल बोट वळली होती आणि सरळ तिच्याकडे येत होती. ताईच्या मनात आलं, ओरडून सांगावं, येऊ नकोस, बाबा आहेत बोटीत, मागे फिर. तिने तोंड उघडलंही. पण भिंगरी असा काही उभा होता, एक हात सुकाणूवर, नजर पाण्यावर, की तिने हा भाऊ कधी पाहिलाच नव्हता. तो घाई करत नव्हता. तिच्या वरच्या बाजूला येऊन त्याने बोटीचं तोंड प्रवाहाकडे केलं, इंजिनाचा जोर जेमतेम एवढा ठेवला की बोट पाण्यात जागच्या जागी उभी राहावी, आणि मग तसूतसूने मागे येऊ दिली.

बाबांनी मोडका पाय बाकाला टेकवून दोर फेकला. तो पाण्यात पडला. बाबांनी तो ओढून घेतला, पुन्हा फेकला, आणि या वेळी तो ताईच्या खांद्यावर पडला.

"कड्यातून काढ! दुहेरी गाठ! मग खाली बस!" भिंगरी ओरडला.

जन्मात कधी धाकट्याचं ऐकलं नव्हतं, ते तिने निमूट ऐकलं. दोर ताणला गेला, करकरला. क्षणभर दोन्ही बोटी तशाच थरथरत राहिल्या. मग लाल बोटीचं इंजिन एका सुरात घुमू लागलं, आणि बंधाऱ्याची कड वीतवीत करून लांब गेली.

दोन्ही बोटी धक्क्याला लागल्या. भिंगरीने ताईला हाताला धरून वर ओढलं, आणि तिने बाबांदेखत त्याला गच्च मिठी मारली. त्याने असला प्रकार कधी पाहिला नसल्यामुळे तो घाबरलाच.

"माझं चुकलं गं," तो म्हणाला. "बरणी निवळायची वाट बघायला हवी होती. पण बाबांनी घाई केली, आणि टाकी मीच भरलेली, मला माहीत होतं..."

"कशी भरलीस?"

"तू हॉस्पिटलमधून फोनवर डोकं खात होतीस तशी. गळ्यापर्यंत. औषध घातलं. इंजिन चालवलं. झाकणाचं रबरही नवीन बसवलं."

ताईने निळ्या बोटीत उतरून टाकीचं झाकण फिरवलं. रबर कडक होऊन तडकलं होतं. वर शेडच्या गळक्या पत्र्यातून ठिबकलेल्या पाण्याचे डाग होते, थेट झाकणाच्या कडेपर्यंत. टाकी भरताना, औषध घालताना हेच झाकण तिने उघडलं होतं, लावलं होतं, आणि रबराकडे पाहायचं तिला सुचलं नव्हतं.

बाबा काठीवर रेलून उभे होते. "काल तू चाव्यांचं काहीतरी म्हणत होतीस," ते म्हणाले. "मी बघून आलो. तुझं काय म्हणणं?"

ताई ऑफिसमध्ये गेली. खिळ्यावरचा सगळा जुडगा तिने काढला, बाहेर आली आणि भावाच्या तळहातावर ठेवला.

"आधी निळ्या बोटीची टाकी उपस," ती म्हणाली. "आणि मी काढलेली बरणी इथून पुढे तू तपासायचीस."