व्हर्नाने काढलेले चिमटे

मित्रांनो, माझ्या चकाकत्या हिरव्या रंगावर भुलू नका. मी व्हर्जिनियातली एक जुनी मोटार आहे; वयाने तुमच्या आजोबांएवढी आणि डूख धरण्यात त्यांच्याही पुढे.

तरुणपणी मी एका डॉक्टरला खेडोपाडी फिरवलं. तो गेल्यावर मी एका गोठ्यात पडले आणि माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. तिथून मला वेंडेल एकर्सने ओढून आणलं. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेलेला. माझा तळ गंजका होता, फाटक्या सीटवर त्याच्या बायकोने, व्हर्नाने, जुनी गोधडी शिवली होती. पण बाहेरून वेंडेलने मला इतकं घासलं, की लोक माझ्यात बघून भांग पाडत.

तेच नडलं. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, घरासारखा गाडीवरही दरवर्षी कर असतो. हौसेच्या जुन्या गाडीला माफी, पण ती फक्त प्रदर्शनात नि मिरवणुकीत फिरवायची. एकदा प्रदर्शनाहून परतताना वेंडेलने डिकीत कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं टाकलं आणि नेमकं करअधिकारी ड्वाइट पेटसने पाहिलं. गाडी घरकामाला वापरली म्हणून माफी गेली. मग स्वारी माझी किंमत ठरवायला अंगणात आली.

"प्रदर्शनात बक्षीस मिळवणाऱ्या गाडीचा भाव लावतोय," तो म्हणाला.

"अरे ड्वाइट, जरा वाकून बघ. खालून चाळणी झालीये तिची!"

"मला वाकायचा पगार नाही. चकाकते ना? मग झालं!"

म्हणजे वेंडेलने मला जपलं, त्याचाच दंड! पेन्शनीत तो कर बसेना. जुलैतली स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक झाली की मला विकायचं ठरलं.

तेवढ्यात पेटसची निवडणूक आली; आमच्याकडे करअधिकारीही मतांनी निवडतात. त्याला मिरवणुकीत माझ्यात बसूनच हात हलवायचे होते. भिडस्त वेंडेल हो म्हणाला.

आता आमची एक गंमत ऐका. उन्हात हळू चाललं, की आम्हा जुन्यांच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन बंद पडतं. म्हणून हौशी मंडळी त्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावतात. हसू नका, खरंच लावतात! मिरवणुकीच्या सकाळी व्हर्नाने माझं बॉनेट उघडून सगळे चिमटे काढले.

"आज धुणं काढलंस?" वेंडेलने विचारलं.

"काही डाग आजच काढायचे असतात."

वेंडेल माझ्या नळीकडे बघत राहिला. मग त्याने बॉनेट लावलं आणि मला चालू केलं.

भर मंचासमोर मी थांबले. पेटसच्या हातात भाषणाचा माईक होता आणि कोटातून घाम गळत होता.

"काय हे भंगार! तीनशे डॉलरलाही कुणी घेणार नाही!"

अख्ख्या गावाने ते कर्ण्यातून ऐकलं.

"साहेब, पुन्हा सांगा हो!" गर्दीतून व्हर्ना ओरडली. "मागच्यांना नाही ऐकू आलं!"

वेंडेलने कराविरुद्ध अपील केलं, तेव्हा अर्धं गाव साक्षीला आलं. माझी किंमत तीनशे डॉलर, असं पेटसला स्वतःच्या हाताने लिहावं लागलं. कर दाण्याच्या पोत्याहूनही कमी झाला आणि माझी विक्री मोडली. निवडणुकीतही लोकांनी पेटसला घरी बसवलं. मला जराही वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, चिमटे व्हर्नाने काढले, पण नेमकं मंचासमोर थांबणं माझं. जुन्या वस्तूंना जपा, पुसा, तेलपाणी करा. आणि जपण्यालाच दंड लावणारा कुणी भेटला, तर त्याला प्रेमाने मागच्या सीटवर बसवा. पुढचं आम्ही बघून घेऊ.