टेपच्या पलीकडची आई

कलाशाळेची गॅलरी विद्यार्थीच चालवायचे आणि यंदा सगळा कारभार होता सेक्रेटरीबाईंकडे. बाई कसली, तिसऱ्या वर्षाची पोर! पण तोरा असा, की सरसुद्धा दार वाजवून आत यायचे.

गॅलरीच्या एका भिंतीवर सत्तर वर्षांपूर्वीचं भित्तिचित्र होतं, पहिल्या तुकडीनं काढलेलं. त्याच्या आजूबाजूची भिंत प्रत्येक प्रदर्शनाआधी पांढरी करायची, ही तिथली रीत.

एका दुपारी एक आजी आल्या. चित्राच्या उजव्या कडेपाशी जाऊन उभ्या राहिल्या त्या हलेचनात.

"इथं माझी आई होती गं," त्या सेक्रेटरीला म्हणाल्या. "या खोल्या झाडायची ती. पोरांनी शेवटी तिलाही काढलं, हातात झाडू घेतलेली. मी सहा वर्षांची असताना गेली. फोटो एकही नाही. परवा डोळ्यांचं ऑपरेशन झालं, म्हटलं सगळ्यात आधी तिला बघावं."

कडेला झाडूचं नुसतं टोक दिसत होतं. पुढे पांढरी भिंत.

सेक्रेटरीनं त्या कडेवरून बोट फिरवलं. गेल्याच आठवड्यात चित्रावर रंग जाऊ नये म्हणून तिनं स्वतः तिथं चिकटटेप लावली होती, आणि कड सरळ दिसावी म्हणून सूतभर चित्राच्या आत घेतली होती. तिच्या आधीच्यांनीही तेच केलेलं. सूत सूत करत अख्खी बाई गिळली की मेल्यांनी!

"आजी, हे आम्हीच केलं," ती म्हणाली. तोरा कुठल्या कुठे गेला होता.

प्रदर्शन पुढे ढकललं. पोरं कुरकुरली, पण तिनं डोळे वटारले आणि सगळे मुकाट्यानं कामाला लागले. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या सरांनी हात कसा चालवायचा ते दाखवलं. ओल्या कापसानं वरचा पांढरा रंग मऊ करायचा आणि साल काढावी तसा सोडवायचा. आजी रोज येऊन स्टुलावर बसायच्या.

सहाव्या दिवशी निळा रुमाल बांधलेलं डोकं दिसलं, मग चेहरा. बाकीचं चित्र उन्हानं विटलेलं, ही मात्र कालच रंगवल्यासारखी.

"अगं बाई! माझ्या नातीएवढी आहे गं ही!" आजी हसता हसता रडायला लागल्या.

"माफ करा, आजी."

"माफी कसली? उन्हापासून जपलंत तिला. फार उपकार झाले, पोरांनो."

पुढच्या रंगकामाला टेपचं एक टोक आजींच्या हातात होतं. सेक्रेटरीनं दुसरं टोक चित्राच्या चांगलं वीतभर बाहेर धरलं.

"अजून बाहेर घे," आजी म्हणाल्या. "तिला झाडायला जागा नको का?"