सातची एसटी

मृणाली सातच्या एसटीत बसली होती. तिचे वडील रविंद्र तिला खिडकीतून पेन देत होते, आणि मी तिला खाली उतरवलं.

त्या दिवशी शिरपूरला निवासी शाळेची प्रवेश परीक्षा होती. तिला पाचवीत असताना एकदाच बसता येतं. आमच्या गावातून मृणाली एकटीच परीक्षा देणार होती आणि वर्षभर रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर शिकत होती. मी रविंद्रला म्हणालो, इतक्या थंडीत पोरगी तिथे तीन तास बसून काय करेल? माझी गाडी आहे. नऊला निघू, दहाला पोचू. तोवर अपूर्णांकांची एक उजळणी होईल. रविंद्र गुरुजींना नाही म्हणणारा माणूस नव्हता.

गाडी निवृत्तीच्या पैशांतून घेतली होती. दोन वर्षांत चार वेळा ती रस्त्यात बंद पडली. दरवेळी धुळ्याच्या शोरूममधला भूपेंद्र तिला ठेवून घ्यायचा, सॉफ्टवेअर नवीन टाकलं म्हणायचा आणि स्वच्छ धुऊन परत द्यायचा. मागच्या वर्षी शिरपूरच्या एका माणसाने बॅटरीचा स्क्रू घट्ट केला. तेवढ्यावरून शोरूमने वॉरंटी नाकारून गिअरच्या भागाचे अडतीस हजार माझ्याकडून घेतले. बाहेरच्या माणसाने बोनेट उघडायचं नाही, हा नियम भूपेंद्रने मला कागदावर बोट ठेवून दाखवला. मी तो वाचला आणि खाली सही केली.

नऊ वीसला, बावीस किलोमीटर उरले असताना, पुलाच्या अलीकडे गाडी थांबली. पडद्यावर पिवळा दिवा लागला. भूपेंद्रला फोन केला. मदतीची गाडी निघाली आहे, वीस मिनिटांत पोचते, तोवर कुणाला हात लावू देऊ नका, असं तो म्हणाला.

दहाला झुलाल मोटरसायकलवरून आला. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा हा माणूस पूर्वी माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"गुरुजी, देखू द्या ना. पाच मिनिटनं काम शे."

मी त्याला वॉरंटीचं सांगितलं. तो हसला. मग म्हणाला, निदान पोरीला तरी मोटरसायकलवर सोडतो. मी पुन्हा फोन लावला. गाडीने शिरपूर सोडलं, आता पोचलीच समजा, असं उत्तर आलं. कंपनीचा माणूस इतकं ठामपणे सांगतो आहे, तर उगाच पोरीला थंडीत मोटरसायकलवर कशाला पाठवायचं, असा विचार मी केला. झुलाल दगडावर बसून राहिला. तो गेला नाही, हे त्याचे उपकार.

मृणाली मागच्या सीटवर परीक्षेचा पॅड मांडीवर घेऊन बसली होती. साडेदहा झाले तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, अकराला फाटक बंद होतं ना?"

मी झुलालला बोनेट उघडायला सांगितलं. एक वायर निसटली होती. त्याने ती बसवली आणि गाडी सुरू झाली. घड्याळात दहा चाळीस झाले होते.

"अख्खा कॉम्प्युटर भरेल शे गाडीमा," झुलाल हात पुसत म्हणाला, "पन वायर ते वायरच शे."

मागून मृणाली हिशेब मांडत होती. वीस मिनिटांत बावीस किलोमीटर, म्हणजे ताशी सहासष्टचा वेग हवा. उत्तर बरोबर होतं. रस्ता चाळीसच्या वर जाऊ देत नव्हता. पुढे उसाचा ट्रॅक्टर आला, तेव्हा तिने नवा वेग काढला. नंतर आणखी एक काढला.

फाटकाशी पोचलो तेव्हा अकरा पंधरा झाले होते. केंद्रावरच्या सारिका मॅडमनी मला ओळखलं, पाणी विचारलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. तीस वर्षं मीही असंच बोट दाखवत आलो होतो. तरी मी हात जोडले. त्यांनी मान खाली घातली. फाटक उघडलं नाही.

तिथेच भूपेंद्रचा फोन आला. मदतीची गाडी निघालीच नव्हती, ड्रायव्हर सुट्टीवर होता. मग त्याने विचारलं, "सर, बोनेट कुणी उघडलं का?"

"हो," मी म्हणालो. पुढचं तो काय बोलला ते मी ऐकलं नाही.

परतताना गाडी एकदाही थांबली नाही. पूल मागे गेल्यावर मृणालीने विचारलं, "गुरुजी, आपली एसटी किती वाजता पोचली असेल?"

पोरांचा प्रश्न मी कधी टाळला नव्हता.

"सव्वाआठला," मी सांगितलं.

तिने पॅडचा चिमटा उघडला आणि प्रवेशपत्र काढून घडी घालून दप्तरात ठेवलं. रविंद्र एसटीच्या थांब्यावरच उभा होता.