डाव्या बाह्या

आमच्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलावर बाई कधी उभी राहिली नव्हती. "मोठी कात्री बाईमाणसाला पेलायची नाही," मास्तर म्हणाले होते. मी चार वर्षं पेलून दाखवली आणि त्यांचं तोंड बंद केलं. म्हणूनच अंगठ्याच्या मुळाशी कळा यायला लागल्या तेव्हा मी कुणापुढे हूं की चूं केलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी अंगठा मुठीत धरायला लावला आणि मनगट करंगळीकडे वाकवलं. मी किंचाळलेच.

"अंगठा हलवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटापाशी एका अरुंद नळीतून जातात," त्या म्हणाल्या. "एकच हालचाल हजारदा केली की नळी सुजते आणि दोऱ्या घासतात. हा पट्टा बांधा. सहा आठवडे कात्री बंद."

सहा आठवडे! टेबल एकदा सोडलं की सोडलंच, मास्तर टपूनच बसले होते. पट्टा माझ्या पिशवीतच राहिला.

मग मी शक्कल लढवली. शर्टाच्या उजव्या बाह्या उजव्या हाताने कापायच्या, डाव्या बाह्या डाव्या हाताने. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश होते. पण कात्री उजव्या हाताची. डाव्या हातात धरली की खडूची रेघ पात्याआड जाते. रेघेच्या आत घुसलं तर माल वाया, म्हणून मी दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेरूनच कापत होते. एवढंसं तर आहे, शिवणारी घेईल सांभाळून, असं म्हणून मी मोकळी झाले.

बाह्या जोडायला होती बारकी, माझी नणंद. मीच शब्द टाकून तिला मशीनवर बसवलं होतं.

दोन महिन्यांनी जेवायच्या सुट्टीत तिने डबा माझ्यापुढे सरकवला. "वहिनी, उघड ना."

मी जोर लावला आणि कळ पार कोपरापर्यंत गेली. झाकण जागचं हललं नाही. दोघी डब्याकडे बघत बसलो.

"तुला काय धाड भरलीय गं?" मी म्हटलं.

"अंगठा वाकत नाही सकाळी. दिवसाला दोनशे डाव्या बाह्या, वहिनी. छोट्या कात्रीने प्रत्येकीची वाढीव कड काढते, मगच जोडते. नाहीतर मास्तरांच्या लक्षात येईल ना."

"मी डाव्या हाताने कापते हे तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या गठ्ठ्यापासून."

मी लपवलेलं दुखणं तिच्या हातात जाऊन बसलं होतं. तिचा राग आला, मास्तरांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"आत्ता जाऊन सांगते मास्तरांना."

"गप बस. आज तू टेबलावरून गेलीस की उद्या मी मशीनवरून. मग घरी बसून काय, एकमेकींचे अंगठे चोळायचे?"

डबा शेवटी मास्तरांनीच उघडून दिला, एका झटक्यात. "जेवत जा गं जरा," म्हणाले.

सुट्टी संपली. समोर डाव्या बाह्यांचा गठ्ठा होता. मी कात्री उजव्या हातात घेतली. पहिल्याच कापाला डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओठ दाबून कापत राहिले, अगदी रेघेवरून, सूतभरही इकडेतिकडे नाही. पलीकडे बारकीने बाही उचलली, कड पाहिली आणि छोटी कात्री बाजूला ठेवली. माझ्याकडे मात्र तिने बघितलं नाही.

मास्तर जाता जाता थांबले. कापलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"आता कसं! आत्ता कुठे हात बसला तुझा," ते म्हणाले आणि त्यांनी आणखी एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.