चिंधीत सापडलेली कडी

चिंध्या धुवायला टाकण्याआधी झटकायच्या, ही सवय तिला वडिलांनी लावलेली. मोटारसायकलीच्या कामातल्या चिंधीत काय अडकलेलं असेल याचा नेम नसतो, आणि धुण्याच्या मशीनला स्क्रू पचत नाहीत. रविवारी सकाळी तिने मागच्या खोलीत तेलकट चिंध्यांचं बोचकं सोडलं आणि एकेक करून झटकायला घेतलं. तिसरी चिंधी झटकली आणि फरशीवर काहीतरी बारीकसं वाजलं.

वाकून उचललं तर तारेची कडी. नखाएवढी, एका बाजूला तोंड उघडं. मेकॅनिक लोक हिला सर्क्लिप म्हणतात, बाबा नुसती कडी म्हणायचे. तिने ती उजेडात धरली. कोरी करकरीत होती.

मशीनच्या शेजारीच तिच्या बाबांची मोटारसायकल उभी होती. बाबा गेल्यावर ती वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली गंजत पडलेली. गेल्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याने ती गाडी बाहेर काढली आणि या खोलीत आणून सुटी सुटी केली. तेव्हापासून कपडे वाळत घालायचे तर आधी मडगार्ड उचलून ठेवावं लागे आणि साबणाच्या डब्यात वॉशर निघत. तरी ती कुरकुरली नाही. बाबांची गाडी होती, आणि नवरा तिच्यात रमला होता.

आता ही कडी काय करते ते सांगायला हवं. पिस्टनमधून एक जाड पिन आरपार जाते, आणि ती बाजूला सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना एकेक कडी बसवतात. एक कडी नसली तरी गाडी चालू होते, छान आवाजही देते. मग पिन हळूहळू सरकते आणि सिलिंडरच्या भिंतीत नांगर फिरवते. या सिलिंडरची भिंत बोअरिंगवाल्याने घासून गुळगुळीत करून दिली तेव्हाच सांगितलं होतं, की ही शेवटची वेळ, आता घासायला धातूच उरलेला नाही. आणि इतक्या जुन्या गाडीचं दुसरं सिलिंडर मिळायचं नाव नव्हतं.

तिने टेबलावरचा डबा उघडला. जुनी कडी काढली की ती पकडीने चपटी करायची आणि मगच डब्यात टाकायची, म्हणजे चुकून कुणी पुन्हा वापरणार नाही, हा बाबांचा नियम. डब्यात दोन्ही जुन्या कड्या होत्या, चपट्या. नव्या कड्यांचं पाकीट फाडलेलं, रिकामं. त्यात दोनच येतात. एक तिच्या हातात होती. म्हणजे इंजिनात एकच गेली होती, यात शंकेला जागाच नव्हती.

पिस्टन बसवताना खाली इंजिनाचं तोंड उघडं असतं. त्यात चिंधी कोंबून ठेवतात, हातातून काही निसटलं तर पोटात जाऊ नये म्हणून. चिंधीने आपलं काम चोख केलं होतं. माणसाने केलं नव्हतं. आणि काल संध्याकाळी तोच माणूस याच दारातून बाहेर आला होता, हात पुसत, आणि म्हणाला होता, "बसल्या. दोन्ही."

त्या दोन शब्दांवर या घरात बरंच काही टांगलेलं होतं. नवरा बसड्रायव्हर. सगळी हयात स्टिअरिंगमागे गेली, अंगावर एक ओरखडा नाही की गाडीवर नाही, असं तो चारचौघांत सांगायचा आणि ते खरंही होतं. पण वर्षभरापासून त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची, मग शर्टाची बटणं अडायला लागली. डेपोतल्या तपासणीत त्याने मूठ घट्ट आवळून धरली आणि पास झाला. तिला त्याने ते हसत सांगितलं, जसा काही मोठा पराक्रम. तिला हसू आलं नाही. मध्यंतरी एकदा शाळेसमोर गिअर पडला नाही आणि बस झेब्रा पट्ट्यांवर जाऊन थांबली. मुलं जरा लवकर निघाली असती तर, एवढंच तो बोलला, आणि मग जेवताना वर बघितलं नाही.

त्या रात्री दोघांची जुंपली. डॉक्टरकडे चला, डेपोत सांगा, स्टिअरिंग सोडा, असं ती म्हणाली. हात चांगला आहे, उगाच राईचा पर्वत करू नकोस, असं तो. शेवटी त्यानेच पैज लावली. तुझ्या बाबांचं इंजिन मी एकट्याने, याच हातांनी जोडतो. त्या कड्या बसल्या तर माझ्या निवृत्तीपर्यंत हाताचा विषय काढायचा नाही. नाही बसल्या तर मी स्वतः डेपोत जाऊन सांगेन. कड्याच का, तर इंजिनातलं सगळ्यात नाजूक काम तेच. तिने कबूल केलं. तिचा स्वतःचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा, तिच्या बोटांना ते काम म्हणजे पोरखेळ होता. म्हणून तर त्याने काल खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं.

ती कडी मुठीत धरून उभी राहिली. राग आला होता, सपाटून आला होता. हरला असता तर तिने त्याला जवळ घेतलं असतं. तो खोटं बोलला होता, तेही सोमवारी पुन्हा बसभर माणसं घेऊन निघायला मोकळं राहता यावं म्हणून.

तेवढ्यात पुढच्या दाराची घंटी वाजली आणि तिचा धाकटा भाऊ आला. लहानपणी काडीसारखा होता म्हणून बारक्या. आता त्याला दारातून जरा तिरपं व्हावं लागतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक बोलायला लागेपर्यंत हा दहा वाक्यं बोलून झालेला असतो. बाबांची गाडी आज सुरू होणार म्हणून तो नवा शर्ट घालून आला होता, मोबाईल आधीच हातात.

"चला भाऊजी, मुहूर्त टळतोय," तो म्हणाला.

नवरा स्वयंपाकघरातून आला तो निमित्तं घेऊनच. पेट्रोल जुनं आहे म्हणाला. कार्बोरेटर जरा गळतोय. हवा दमट आहे. पुढच्या रविवारी करू, तेव्हा निवांत असेन. चोराच्या मनात चांदणं, तिला एकेक निमित्त काचेसारखं आरपार दिसत होतं. त्याला इंजिन फोडायचं नव्हतं. हळूच कुठून तरी दुसरी कडी आणायची, इंजिन उघडायचं, पुन्हा दार लावून बसायचं, आणि काल बोललेलं खोटं आठवड्याभराने खरं करून टाकायचं, असा बेत होता. बारक्या ऐकणाऱ्यातला नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणून तो मोठ्याने हसला आणि गाडी धरून मागच्या अंगणात ओढायला लागला.

तिने एक वाक्य बोलायचा अवकाश होता. कडी सापडली म्हणाली असती की सगळं थांबलं असतं. पण मग तो काय म्हणाला असता तेही तिला पाठ होतं. अगं, ही जास्तीची असेल. अगं, विसरलो असेन. वयात होतं असं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पण हा माणूस कोंबड्यावर पाटी घालून वर स्वतः बसला असता. हे त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. तिने मूठ पदराआड घेतली आणि दोघांच्या मागे अंगणात गेली.

गाडी स्टँडवर लागली. टाकीचा काळा रंग आणि त्यावरची बारीक सोनेरी रेघ उन्हात लखलखत होती. ती रेघ तिने स्वतः ओढली होती, दातांना रंग देण्याच्या ब्रशने. बाबा असते तर गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाले असते, बरी जमलीये.

"मारा किक," बारक्याने मोबाईल रोखला.

नवऱ्याने पाय उचलला, किकवर ठेवला, आणि काढून घेतला. गुडघा दुखतोय म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने टाकीकडे बघितलं.

"मग मी मारतो. माझ्या वजनाचा काहीतरी उपयोग होऊ दे." मोबाईल ताईच्या हातात कोंबून बारक्या गाडीवर चढलासुद्धा. तिच्या दुसऱ्या हातातली कडी तळव्यात रुतत होती.

पहिली किक बसली. इंजिनाने एक जड उसासा टाकला आणि गप्प झालं. आत पिन जराशी सरकली असणार, केसभर का होईना. बोलून टाक, तिचं मन म्हणत होतं, बाबांची शेवटची वस्तू आहे. तिने ओठ दाबून धरले.

बारक्या वाकून बघायला लागला. "अहो, पेट्रोलचा कॉक बंद आहे. कॉक बंद ठेवून गाडी चालू होते का कधी? आमची परीक्षा घेताय काय?"

कॉक कुणी बंद ठेवला होता ते तिला सांगायला नको होतं. बारक्याने तो फिरवला. टाकीतून पेट्रोल उतरण्याचा बारीक आवाज आला. आता पुढची किक बसली की इंजिन धरणार होतं, कारण बाकी सगळं काम नवऱ्याने खरोखर सुरेख केलं होतं. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता, जबडा आवळलेला. तो बोलणार नाही, असं तिला वाटलं, आणि या संसारात एवढं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं. बारक्याने दोन्ही हातांनी हँडल धरलं, अंग उचललं, पाय वर घेतला.

तेव्हा नवरा पुढे झाला आणि त्याने किकवर हात ठेवला. उजवाच. बारक्याचा बूट त्या हाताच्या वीतभर वर थांबला.

"थांब. आत एक कडी नाहीये."

तो हात किकवर थरथरत होता. आता तो लपवायला मूठ नव्हती, खिसा नव्हता. बारक्याने पाय खाली घेतला, हाताकडे बघितलं, मग ताईकडे बघितलं.

"बसली नाही माझ्याच्याने," नवरा म्हणाला. "पाच-सहा वेळा प्रयत्न केला. मग उडाली. सगळी फरशी पालथी घातली, लोहचुंबक फिरवलं, मिळाली नाही."

तिने मूठ उघडून पुढे केली. कडीचा वळ तळव्यावर लाल उमटला होता.

"चिंधीत होती."

चिंधी झटकायचं त्याला सुचलं नव्हतं. कसं सुचणार, त्या घरात चिंध्या झटकायचं काम कधी त्याचं नव्हतंच. तो कडीकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं.

"तुला सकाळपासून माहीत होतं. आणि त्याला किक मारू दिलीस? तुझ्या बाबांचं इंजिन आहे ते."

"इंजिनच आहे," ती म्हणाली. "तुमच्या बसमध्ये माणसं असतात."

त्यावर तो आत जाऊन पान्यांची पेटी घेऊन आला.

इंजिन उघडायला त्यानेच घेतलं. मोठे नट त्याला सोडवता येत होते, पाना एकदा बसला की हात स्थिर व्हायचा. सिलिंडर वर निघालं. पिस्टनच्या डाव्या बाजूची कडीची खाच रिकामी, आणि आतल्या भिंतीवर केसासारखी एक रेघ. तिने रेघेवरून नख फिरवलं. नख अडकलं नाही. वाचलं होतं, थोडक्यात वाचलं होतं.

तिने धुतलेली चिंधी घेऊन इंजिनाच्या तोंडात नीट कोंबली आणि निमुळता चिमटा हातात घेतला. आत नीट दिसत नव्हतं. नवऱ्याने टॉर्च धरली. पिस्टनवर प्रकाशाचा गोल पडला आणि तो गोल नाचायला लागला, खाचेवर, पिनेवर, पुन्हा खाचेवर. बारक्याने टॉर्च घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे त्यांच्याकडे," ती म्हणाली.

त्या हलत्या उजेडातच तिने काम केलं. उजेड खाचेवर आला की चिमटा पुढे, सरकला की थांबायचं. बारक्या श्वास रोखून उभा होता. कडी एका कडेने आत गेली, मग दुसरी कडा दाबली, आणि टक् असा छोटासा आवाज आला. तिने सळईने कडी फिरवून बघितली. पक्की होती. नवऱ्याने टॉर्च विझवली आणि तळहाताने डोळे पुसले, उलट्या हाताने नव्हे, म्हणून तोंडावर काळं तेल फासलं गेलं. बारक्याला हसू आलं, मग तिलाही आलं.

सगळं जोडून होईपर्यंत दुपार झाली. या वेळी किक नवऱ्याने मारली. गुडघा कुठे दुखत नव्हता. दुसऱ्या किकेला इंजिनाने धरलं आणि अंगणभर तो जुना, जाड, थांबत थांबत येणारा आवाज घुमला. शेजारच्या खिडक्या उघडल्या. बारक्या रडत होता आणि मोबाईलमध्ये काही न दिसताच टिपत होता. तिलाही हुंदका आला. बाबा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडापासून हाच आवाज ऐकू यायचा.

नवरा सीटवर बसला होता, दोन्ही हात हँडलवर. ते इंजिन उभ्या उभ्या सगळी गाडी हलवायचं. टाकी हलत होती, आरसा हलत होता, हँडल हलत होतं, त्याचे हातही हलत होते. त्यातलं इंजिनाचं किती आणि त्याचं किती, कुणाला सांगता आलं नसतं. त्याच्याही ते लक्षात आलं असावं. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात एक लबाड आशा होती.

ती पुढे झाली आणि तिने इंजिन बंद केलं. गाडी एकदा शहारली आणि गप्प झाली. टाकी थांबली, आरसा थांबला. हँडलवरचा उजवा हात तेवढा हलत राहिला. तिने त्याच्यावर आपला हात ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला.

"उद्या किती वाजताची ड्युटी आहे?" तिने विचारलं.

"सातची." तो जरा वेळ हातांकडे बघत राहिला. "सहालाच निघू. दुसरा ड्रायव्हर बघायला डेपोवाल्यांना वेळ द्यायला हवा."